मार्थाआक्काने शिकवलेली मंडळी

मार्थाआक्का,

तुला लिहायला बसले खरी, पण शब्द नीट येत नाहीत. पस्तीस वर्षांत आपण एकमेकींना चार ओळींची चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. समोरासमोर बसायचं आणि हातांनी बोलायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. कागद तुला आवडायचा नाही. आयुष्यभर छापखान्यात कागद दुमडून शिवलेस, पण बोलायला तो बिनकामाचा आहे असं तुझं मत होतं. "कागदावर माणसाचं तोंड दिसत नाही," असं म्हणायचीस. आता तुझं तोंड दिसायची सोय राहिली नाही, म्हणून नाइलाजाने कागद घेतलाय.

तुला जाऊन पाच दिवस झाले. पाळकसाहेबांनी चर्चच्या वरच्या मंडळाला पाठवायला तुझी माहिती मागितली होती, ती मी लिहून दिली. अर्ध्या पानात संपली. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिक्षण, छापखान्याच्या पुस्तकबांधणी खात्यात नोकरी, लग्न केलं नाही. सगळं खरं आहे, पण ते वाचून तुला कुणी ओळखणार नाही. म्हणून हे वेगळं लिहितेय. यात आधी माझ्या मनातलं टोचतंय ते सांगते, म्हणजे पुढचं सुचेल.

तुझी आई गेली त्यानंतरचे सात रविवार, आक्का. मी लग्न होऊन कागलहून कोल्हापुरात आले तेव्हा आपल्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर तू आणि तुझी आई असायचात. मी तुमच्या मागच्या बाकावर, सासूबाईंच्या शेजारी. पाळक तासभर उपदेश करायचे आणि तुझी आई तो दहा मिनिटांत हातांनी उरकायची. सासूबाई मला कोपर मारून म्हणायच्या, "बघ, कामाचं तेवढंच सांगती ती." मग तुझी आई वारली, आणि तुझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. गीताचा नंबर सांगितला की तू मान वळवून इकडच्या-तिकडच्या पुस्तकांत बघायचीस, कुठलं पान उघडलंय ते शोधायचीस. तोवर पहिलं कडवं संपलेलं असायचं.

मी तुझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होते. माझं पुस्तक उघडं असायचं. नवी सून, आपण कशाला पुढे पुढे करायचं, तिच्या जवळचं कुणीतरी करेल, असं काहीबाही मनात यायचं. पान दाखवायला खुणांची भाषा येण्याची गरज नव्हती. एक बोट पुरलं असतं. ते मी सात रविवार पुढे केलं नाही.

आठव्या रविवारी उपदेश चालू असताना तू उठलीस. मला वाटलं, बाहेर चाललीस. पण तू पुढे गेलीस, शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गाच्या, मुलांचा फळा भिंतीला टेकवलेला होता त्यावर खडूने लिहिलंस, "मला कोण सांगणार?" इतक्या जोरात लिहिलंस की खडू मोडला. मग परत येऊन जागेवर बसलीस आणि हात मांडीवर ठेवलेस. तेव्हाचे पाळक वयस्क होते. त्यांनी चष्मा काढला, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजचा उपदेश एवढाच."

त्याच दिवशी उपासना सुटल्यावर चर्चच्या ओसरीत आम्ही तुझ्याभोवती गोळा झालो. सगळे खाली मान घालून. तू आमच्याकडे एकदा बघितलंस आणि शिकवायला सुरुवात केलीस, जणू आम्ही फी भरून आलो होतो.

तू फार कडक मास्तरीण होतीस हे आज सांगायला हरकत नाही. जाड सुईने पुस्तकं शिवून शिवून तुझी बोटं लाकडासारखी झाली होती, आणि कुणी खूण चुकवली की त्या बोटांचा टोला मनगटावर बसायचा. बाबूरावअण्णा तेव्हा एसटीवर ड्रायव्हर होते. त्यांनी महिनाभर 'भाऊ' म्हणायच्या ऐवजी भलतंच काहीतरी केलं. ते 'म्हैस' होतं, हे तू त्यांना महिना संपल्यावर सांगितलंस. तोवर ते स्वतःच्या थोरल्या भावाची ओळख म्हैस म्हणून करून देत होते. त्या दिवशी तू हसलीस. तुझं ते हसणं, मोठं, खरखरीत, कुठे थांबायचं हे ठाऊक नसलेलं. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली आणि आम्हाला कुणालाच लाज वाटली नाही.

वर्षं गेली. रविवारची अर्ध्या तासाची शिकवणी कधी बंद झाली ते आठवत नाही, कारण तिची गरजच उरली नाही. लेकरं बोलायला लागायच्या आधी हातांनी दूध मागायला लागली. मी पाळकांच्या शेजारी उभी राहून तुला उपदेश सांगायला लागले. मंडईत गर्दीत एकमेकींना मेथीचा भाव आम्ही रस्त्याच्या पलीकडून विचारायला लागलो. उपदेश लांबला तर मागच्या बाकावरच्या बायका हातांनी जेवणाचा बेत ठरवायच्या. तू पुढे बसूनही तुला ते कसं कळायचं, देव जाणे. आम्हाला यात विशेष काही वाटेनासं झालं होतं.

म्हणून तर दोन वर्षांपूर्वी वरच्या मंडळाचं पत्र आलं तेव्हा आमची इतकी फजिती झाली. पत्रात सरळ लिहिलं होतं. आपल्यासारख्या लहान मंडळ्यांनी प्रार्थनापूर्वक बसून विचार करावा, आपली बलस्थानं काय आहेत, पुढच्या काळात आसपासच्या लोकांची कोणती सेवा आपल्या हातून होऊ शकते ते ठरवून कळवावं. तसं काही नसेल तर शहरातल्या मोठ्या मंडळीत सामील व्हावं. भाषा मऊ होती, पण अर्थ सगळ्यांना कळला. चर्च बंद होणार होतं.

विनय पाळक नुकतेच नगरकडून बदलून आले होते. तरुण माणूस, उत्साही. त्यांनी रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवलं, भिंतीवर मोठा कागद लावला आणि वर लिहिलं, 'आपली बलस्थानं'. मग पेन हातात घेऊन आमच्याकडे बघत उभे राहिले.

शेवटी बाबूरावअण्णा उठले.

"बलस्थानं कसली, पाळकसाब? बत्तीस माणसं हाय आमी. त्यात निम्म्यांचं गुडघं गेल्यात. पोरं पुण्याला गेली. तुमी आपलं त्या पत्राला लिवा, आमच्याकडं काय न्हाय म्हणून."

"असं कसं, अण्णा?" पाळक म्हणाले. "देवाने प्रत्येक मंडळीला काहीतरी दिलेलं असतं."

"दिलं आसंल की. पर घावायला नको?"

मग एकेक सूचना आली. शिवणक्लास काढूया. तो शेजारच्या गल्लीत आधीच होता. वैद्यकीय शिबिर घेऊया. डॉक्टर कुठून आणायचा? इंग्रजीचे वर्ग चालवूया. यावर मीच हसले, कारण मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि माझं इंग्रजी मला माहीत आहे. हे सगळं मी उभी राहून तुला सांगत होते. तू हाताची घडी घालून ऐकत होतीस, तोंडावरची माशी हलत नव्हती. तासाभराने कागद कोराच होता. पाळक म्हणाले, "चहा घेऊ, मग बोलू."

पुढचं तुला नीट माहीत नव्हतं, मी तुला नंतर सांगितलं होतं. आता पुन्हा सांगते, कारण मला ते आवडतं. पाळक एकटेच त्या कोऱ्या कागदापाशी उभे राहिले होते आणि निराश होऊन हॉलकडे बघत होते. बाबूरावअण्णा दारातून हातांनीच चहा बिनसाखरेचा ठेवायला सांगत होते. खिडकीजवळ राहेलमावशी आणि सासूबाई बोळक्या तोंडाने गप्प बसून हातांनी कुणाची तरी उणीदुणी काढत होत्या. माझी चार वर्षांची नात दुसऱ्या टोकाकडून आजोबांना शू आल्याचं सांगत होती, आणि आजोबा तिथूनच तिला मागचं दार दाखवत होते. कुणी ओरडत नव्हतं, आणि सगळा हॉल बोलत होता.

पाळक माझ्याजवळ आले. "करुणाताई, हे सगळ्यांना येतं?"

"काय?"

"हे. हातांचं बोलणं."

मला प्रश्नच कळेना. अण्णांनी ऐकलं आणि मध्ये पडले. "ही व्हय? ही काय बलस्थान हाय व्हय! आक्कासाठनं शिकलोय की आमी."

"सगळे?"

"सगळं. त्ये काय अवघड न्हाय. आक्का मारती, मग येतंय."

विनय पाळकांचा चेहरा मी विसरणार नाही. ते तडक गेले आणि कागदावर लिहिलं, 'खुणांची भाषा'. आणि तेव्हा, आक्का, तू उठलीस. पाळकांच्या हातातून पेन घेतलंस आणि त्या शब्दांवर आडवी रेघ मारलीस. मग वळून बोलायला लागलीस. मी तुझं बोलणं मोठ्याने सांगत होते.

"हे तुमचं बळ नाही. ही माझी भाषा आहे. तुम्ही माझ्याशी बोलायला ती शिकलात, मी तुमचे उपकार मानते. पण मला दाखवून चर्च वाचवायचं असेल तर मी येणार नाही. पाहुणे येतील, बिचारी मार्था म्हणतील, टाळ्या वाजवतील. मला त्या ऐकूही येणार नाहीत."

आणि तू निघून गेलीस. पंधरा दिवस आलीच नाहीस.

मी तुझ्या घरी रोज येत होते आणि आपण रोज भांडत होतो. मी म्हणायची, चर्च बंद पडलं तर तू कुठे जाशील? मोठ्या मंडळीत तुझ्याशी बोलणारं कोण आहे? तू म्हणायचीस, हा प्रश्न तू माझ्यासाठी विचारतेस का स्वतःसाठी? मला राग यायचा, कारण तू बरोबर होतीस. मला माझं चर्च हवं होतं, लग्न होऊन आले ते, लेकरांचा बाप्तिस्मा झाला ते. सोळाव्या दिवशी मी थकून म्हटलं, "मग तूच सांग, काय करायचं?" तू लगेच चप्पल घातलीस. "ज्यांना पाहिजे त्यांना विचार. मला नको. चल."

असं आपण दोघी कागलच्या एसटीत बसलो. मला वाटलं होतं, माझं माहेर, मीच वाट दाखवणार. पण तू मला ज्या घरी नेलंस ते मी कधी पाहिलंही नव्हतं. तानाजीदादाचं घर. तो तुझ्या शाळेतला, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. शेती आणि सहा म्हशी. शाळा सुटल्यावर त्याच्याशी खुणांनी बोलणारं गावात कुणी राहिलं नव्हतं. तुला बघून तो अंगणातच बोलायला लागला, इतक्या वेगाने की मला निम्मं कळेना. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं.

त्याचा धाकटा भाऊ रघुनाथ भला माणूस. त्याने चहा दिला, आणि थोड्या वेळाने घसा खाकरून मला विचारलं, "बाई, राग मानू नका. तुमी चर्चची माणसं. आमच्या दादाला तुमच्यात यायला लावणार न्हाय न्हवं?"

मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "त्याला सांग, तुझा दादा बोलायला येईल. ज्या देवाला नमस्कार करून निघेल त्याच देवाला घरी परत येऊन करेल." मी तसंच सांगितलं. रघुनाथ हसला. "मग हरकत न्हाय."

तानाजीदादाला वर्षभर चक्कर येत होती. दोनदा गोठ्यात पडला होता. रघुनाथ त्याला दवाखान्यात न्यायचा, डॉक्टरांशी बोलायचा, गोळ्या आणायचा. तानाजीदादाला स्वतःला काय झालंय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. "गोळ्या कशाच्या?" मी विचारलं. त्याने खांदे उडवले. "भाऊ देतो. मी घेतो."

पुढच्या आठवड्यात आपण चौघं कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथे जे झालं त्यासाठी मी तुझी आभारी आहे, तेव्हा मात्र नव्हते. बाईंनी विचारलं, "चक्कर कधी येते?" रघुनाथने मला वाटेत सगळं सांगितलेलं होतं, म्हणून मी पटकन म्हटलं, "सकाळी उठल्यावर."

तुझा टोला माझ्या मनगटावर बसला. डॉक्टरांसमोर! मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तू म्हणालीस, "तुला चक्कर येते का? मग तू का सांगतेस? त्याला विचार."

मी तोंड पाडून तानाजीदादाला विचारलं. त्याने मान हलवली. सकाळी नाही. मान वर केली की येते. माळ्यावरची वैरण काढायला वर बघितलं की घर फिरतं. आणि अजून एक गोष्ट आहे, म्हणाला, आणि कानाजवळ हात नेऊन बोटं थरथरवली. डोक्यात काहीतरी चालू असतं, गिरणीसारखं, बंद होत नाही. दुसऱ्यांच्या डोक्यात पण असं असतं का?

मी हे सांगितल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची वळवून त्या तानाजीदादाच्या समोर बसल्या, माझ्याकडे बघायच्या बंद झाल्या. कितीतरी वेळ विचारत राहिल्या. मग त्याला पलंगावर आडवं करून त्याची मान सावकाश एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवली. दोष कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात होता. रघुनाथ सांगत होता त्यावरून दिलेली एक गोळी त्यांनी बंद केली, मानेचे काही व्यायाम दिले. महिन्याभरात चक्कर थांबली. डोक्यातली गिरणी थांबली नाही, पण ती काय आहे हे कळल्यावर तिची भीती गेली, असं तो म्हणतो.

बाहेर बाकावर रघुनाथ डोकं धरून बसला होता. "एवढी वर्षं मीच बोलत हुतो की त्येचं. मला वाटायचं, दादाचं मला समदं ठावं हाय."

मी त्याच्या शेजारी बसले. माझंही तेच झालं होतं.

घरी येताना तू मला एक अट घातलीस, आणि तीच पुढे आपल्या सगळ्या कामाचा पाया झाली. आपण फक्त पोचवायचं. ठरवायचं त्यांनी. त्यांच्या वतीने बोलायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं आणि ते जसं बोलले तसं समोर ठेवायचं, चुकीचं बोलले तरी, रागावून बोलले तरी. "हे जमणार असेल तर लिही तुझ्या कागदावर," म्हणालीस.

विनय पाळकांनी नवा कागद लावला. या वेळी 'बलस्थानं' वगैरे वर काही लिहिलं नाही. दर शनिवारी दुपारी ओसरी उघडी ठेवायची, एवढंच ठरलं. पहिल्या शनिवारी पाच जण आले. तानाजीदादा म्हशींचं उरकून आला. गडमुडशिंगीहून दोघी बहिणी आल्या, दोघींनाही ऐकू येत नाही, त्या घरात एकमेकींशी बोलायच्या आणि बाकी जगाशी नाही. महिन्याभरात ओसरी पुरेना, हॉल उघडावा लागला. कुणाला बँकेत जायचंय, कुणाला तहसील कार्यालयात दाखल्यासाठी, कुणाची सून बाळंतपणासाठी दवाखान्यात आहे आणि तिला काय होतंय ते कुणी विचारत नाही. आमच्यातलं कुणीतरी सोबत जायचं. राहेलमावशी पंचाहत्तरीच्या, काठी टेकत बाळंतपणाच्या वॉर्डात तीन दिवस बसून राहिल्या. तिथल्या नर्सने विचारलं, "आजी, तुम्ही कोण पेशंटच्या?" मावशी म्हणाल्या, "मी तिचा आवाज हाय. वरडली तर समजा तिनंच वरडलं."

आणि त्या ओरडल्याही, म्हणे. पोरगी म्हणाली तितक्याच जोरात.

मग वरच्या मंडळाचे तिघे पाहुणे आले. सगळ्यांना वाटत होतं, मी बोलावं. मी भाषण लिहिलंही होतं. तू ते वाचलंस, घडी घालून मला परत दिलंस आणि स्वतः पुढे जाऊन उभी राहिलीस. मी बाजूला उभी राहून तुझं बोलणं सांगितलं. तू म्हणालीस, "या मंडळीने माझ्यावर दया केली नाही. दया एका दिवसात संपते. यांनी माझ्यासाठी वेळ काढला, चुका केल्या, माझा मार खाल्ला. वीस वर्षं लागली यांना नीट बोलायला. आता यांना मोठ्या मंडळीत पाठवलंत तर ही माणसं तिथेही भली वागतील, पण हे हात रिकामे राहतील. ते तुम्हाला परवडेल का, तुम्ही ठरवा."

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, इतक्या वयस्क मंडळींकडून हे किती काळ होणार? तेव्हा बाबूरावअण्णा मागून म्हणाले, "सायेब, गुडघं गेल्यात. हात अजून चालू हायती."

पाहुणे जेवून गेले. महिन्याने पत्र आलं. मंडळी आहे तिथेच, आहे तशीच राहील. मी ते पत्र तुला तुझ्या दारात उभं राहून सांगितलं. तू म्हणालीस, "बरं," आणि भाकरी उलटवलीस.

एक भांडण आपलं तसंच राहिलं, आक्का. शनिवारची सुरुवात प्रार्थनेने करावी असं मला वाटायचं. लहानशी, दोन मिनिटांची. तू म्हणायचीस, नाही. रविवार आहे की प्रार्थनेला. तानाजीच्या भावाला आपण शब्द दिलाय. मी म्हणायची, प्रार्थना केल्याने शब्द मोडत नाही, ज्याला नको तो डोळे उघडे ठेवेल. तू म्हणायचीस, ज्याला ऐकू येत नाही तो डोळे मिटूच शकत नाही, त्याला सक्तीने सगळं बघावंच लागतं, म्हणून त्याच्यासमोर काय ठेवायचं याचा विचार करावा. तरी मला वाटतं, दोन मिनिटांनी काही बिघडलं नसतं. तू गेलीस म्हणून मी लगेच तुझं सगळं मान्य करणार नाही. ते तुला आवडलंही नसतं.

थंडीत तुझी छाती भरली. दवाखान्यात दाखल केल्यावर मी दुपारी आले तर सिस्टरने सलाईन तुझ्या उजव्या हाताला लावलेलं होतं आणि हात फळीला बांधला होता. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी सिस्टरला म्हटलं, "अहो, तुम्ही तिचं तोंड बांधलंय." त्या बिचारीला आधी कळलं नाही, मग कळलं. तिने सुई काढून डाव्या हाताला लावली. उजवा हात मोकळा झाल्याबरोबर तू पहिलं वाक्य बोललीस, "एका हाताने भांडता येत नाही, तुझी मजा आहे."

शेवटच्या रविवारी उपासना संपवून मी तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, प्रार्थना कर. मी पलंगाशेजारी उभी राहून करायला लागले. आणि मध्येच, ठरवलेलं नसताना, माझे हात म्हणाले, "मला क्षमा कर. तेव्हा पान दाखवायला हवं होतं." क्षमा तुझीच मागतेय हे दाखवायला बोट तुझ्याकडे करायचं धाडस मात्र झालं नाही. तू लक्ष देऊन बघत होतीस. 'क्षमा'ची खूण मी घाईत करते, ती तू तुझ्या मोकळ्या हाताने मला नीट करून दाखवलीस. आणि मग म्हणालीस, आमेन. ते देवाला उद्देशून होतं असं तुला वाटलं की तुला सगळं कळलं होतं, हे मला कधीच कळणार नाही. मी विचारणार होते. बुधवारी विचारू म्हटलं. तू मंगळवारी गेलीस.

तुझ्या दफनविधीला चर्च भरून माणसं ओसरीत उभी होती. कुरुंदवाडपासून लोक आले होते, निम्म्याहून जास्त ऐकू न येणारे. तानाजीदादा बोलला. त्याने सांगितलं की शाळेत तू त्याला गणितासाठी मारायचीस. तो बोलत होता आणि ऐकू येणाऱ्यांसाठी मी ते सांगत होते, म्हणजे पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उपासनेतला उपदेश उलट्या बाजूने चालला होता. सगळे हसले. शवपेटीसमोर इतके लोक हसताना मी पाहिले नव्हते. मग मला रडू फुटलं आणि पुढचं सांगता येईना. तानाजीदादा थांबला. माझं होईपर्यंत शांत उभा राहिला. त्याने घाई केली नाही.

काल शनिवार होता. तू गेल्यानंतरचा पहिला. मला भीती होती की कुणी येणार नाही, किंवा येतील आणि नुसते रडत बसतील. गडमुडशिंगीच्या बहिणींनी येऊन सतरंज्या घातल्या. विनय पाळक चहाचं बघत होते. बँकेत कुणासोबत कोण जाणार ते ठरलं. तीन वाजता कुरुंदवाडहून एक बाई आली, ऐकू न येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. नवी होती. तिला कुणीतरी तुझं नाव सांगितलं होतं. मी तिला सांगितलं की तू गेलीस. ती दारातच बसली. "आता वो? लांबनं आलोय आमी. हिला काय म्हणायचंय ते कुणालाच कळत न्हाय बघा. दिसभर चिडचिड करती."

तोवर तानाजीदादा त्या मुलीसमोर उकिडवा बसला होता. त्याने काय केलं मी पाहिलं नाही, पण थोड्या वेळाने मुलगी त्याचे हात धरून वळवून बघायला लागली. मग स्वतःचे हात हलवले. पुन्हा हलवले. चुकीचे, वेडेवाकडे, पण ती काहीतरी सांगत होती आणि समोरचा माणूस ते मान हलवत घेत होता.

आई धावत माझ्याकडे आली. "बाई, काय म्हणाली वो ती? मला सांगा की. काय म्हणाली?"

मला दिसलं होतं ती काय म्हणाली. सांगायला तोंड उघडलंही होतं. मग मी त्या बाईचा हात हातात घेतला, तिची बोटं उलगडली आणि म्हटलं, "तुम्हीच विचारा तिला. असं."